मळ्यातील तलाव : फिल्टर, पंप आणि पाइप

रावेरकडील केळीच्या मळ्यात 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पोहण्याचा तलाव स्वतः बांधताना ठिबक सिंचनाचा सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारी टाकी) आणि विहिरीची मोटर चालेल का, असे आपण विचारले आहे. फिल्टर चालू शकेल, मात्र त्यावर लिहिलेल्या क्षमतेवर विसंबू नये. तलावात सुमारे 45,000 लिटर पाणी मावेल. ते 6 तासांत एकदा गाळायचे तर ताशी 7,500 लिटर प्रवाह लागतो, आणि वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा वेग ताशी 30 मीटरच्या आत ठेवायचा असल्याने फिल्टरच्या टाकीचा व्यास साधारण 60 सेंटिमीटर हवा. शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीने येते, तेव्हा हे तास पाळीत बसतात का, तेही पाहावे.

मोटर मात्र विहिरीची नको. पुढे कचऱ्याची जाळी असलेला सेल्फ-प्रायमिंग (पाइपातली हवा स्वतः काढून पाणी ओढणारा) पंप घ्यावा आणि सक्शनला, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूला, 63 मिलिमीटरचा पाइप ठेवावा.

आपल्या तलावाच्या आराखड्यात तळाला एकच निचरा दिसतो, तो धोक्याचा आहे. त्यावर कोणाचे अंग टेकले तर पंपाची सगळी ओढ तेथेच लागते आणि पोहणारा अडकतो. निचरे दोन असावेत, किमान एक मीटर अंतरावर, आणि दोहोंच्या मध्ये व्हॉल्व्ह न ठेवता ते एकाच पाइपला जोडावेत. काँक्रीट ओतण्यापूर्वी सर्व पाइपांची दाबचाचणी करावी.

बोअरचे पाणी जड असेल, तर जंतुनाशनासाठी टाकलेल्या ब्लीचिंग पावडरने कॅल्शियम आणखी वाढते. तेथे सोडियम हायपोक्लोराइट बरे.