मदत हवी आहे: सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे उत्परिवर्तनाचा दर वाढतो, हे नेमके कशावरून ठरवायचे?

नमस्कार. पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गासाठी प्रतिजैविके आणि एसओएस प्रतिसाद (डीएनएला इजा झाल्यावर जीवाणूत सुरू होणारी दुरुस्तीची व्यवस्था) या विषयावर टिपणे तयार करीत आहे. यंत्रणेबद्दल शंका नाही. तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षापाशी मात्र अडले आहे.

माझी समज अशी आहे. जायरेज हे विकर डीएनएचे दोन्ही धागे क्षणभर छेदते, पीळ बदलते आणि धागे पुन्हा जोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक या विकराला छेदलेल्या अवस्थेतच डीएनएवर जखडून ठेवते व त्यातून दुहेरी तुटी निर्माण होतात. तुटलेली टोके रेकबीसीडी हे विकर कुरतडत जाते, उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए प्रथिनाची साखळी चढते आणि तिच्या सान्निध्यात लेक्सए हे दमनकारी प्रथिन स्वतःच स्वतःला छेदते. लेक्सए दूर झाले की ई. कोलायमध्ये चाळीसच्या आसपास जनुके कार्यान्वित होतात. आधी अचूक दुरुस्तीची, आणि नुकसान बराच काळ टिकून राहिले तर शेवटी पॉलिमरेज पाच या डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराची, जे खराब झालेल्या साच्यावरूनही नक्कल पुढे रेटते आणि त्या भरात चुका करते. ट्रायमेथोप्रिम हे दुसरे प्रतिजैविक डीएनएला हातही लावत नाही, तरी थायमिनची टंचाई करून याच वाटेने एसओएस जागे करते, हे मला विशेष वाटते.

आता अडचण. 2005 साली सिर्झ आणि सहकाऱ्यांनी लेक्सए न तुटणारा ई. कोलाय वाण उंदरांत वापरला, तेव्हा त्याच्यात सिप्रोफ्लॉक्सासिनविरुद्ध प्रतिकार निर्माण होऊ शकला नाही. परंतु असा वाण दुरुस्तीची वाढीव क्षमताही गमावून बसतो, त्यामुळे औषधाने तो अधिक प्रमाणात मरणार हे उघड आहे. मग प्रतिकार दिसला नाही याचे कारण उत्परिवर्तन थांबले हे, की उत्परिवर्तन होण्याइतक्या पेशीच उरल्या नाहीत हे? दुसरी शंका मोजणीची. एमआयसीपेक्षा (वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेपेक्षा) कमी मात्रेत वाढवलेल्या जीवाणूंमध्ये रिफॅम्पिसिन या वेगळ्या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या वसाहती जास्त आल्या, तर आपण लगेच दर वाढला असे म्हणतो. वाढीच्या काळात काही पेशी मरतच असतील, तर तीच अंतिम संख्या गाठायला अधिक विभाजने लागली असणार, आणि प्रत्येक विभाजनामागचा दर तसाच असूनही उत्परिवर्ती जास्त दिसतील. या दोन्ही शंका विद्यार्थी विचारणारच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली दुसरी शंका अगदी रास्त आहे. फ्रेनॉय आणि बोनहोफर यांनी 2018 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, आणि त्याआधीचे बरेच आकडे त्यामुळे संशयाच्या छायेत येतात. केवळ जिवंत पेशी मोजून भागत नाही, प्रत्यक्ष विभाजने मोजावी लागतात. जो प्लास्मिड (जीवाणूतील डीएनएचे छोटे स्वतंत्र कडे) स्वतःच्या प्रती वाढवत नाही, तो पेशींमध्ये किती वेगाने विरळ होतो यावरून ती काढता येतात.

पहिल्या शंकेसाठी लेक्सएच्या वाणावर थांबू नये. एसओएसची बाकीची जनुके शाबूत ठेवून केवळ पॉलिमरेज दोन, चार आणि पाच वगळलेला वाण घेतला, तर दुरुस्तीचा प्रश्न बराचसा बाजूला पडतो आणि उरतो तो चुकांचा. सिर्झ यांच्या कामात या तिन्ही पॉलिमरेजांचा सहभाग तपासलेला आहे. शिवाय लेक्सए न तुटणाऱ्या वाणात रिफॅम्पिसिनविरुद्धही प्रतिकार निर्माण झाला नव्हता. रिफॅम्पिसिनचे लक्ष्य आरएनए पॉलिमरेज आहे, ते जायरेजला जखडत नाही. त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिनने होणारे अधिकचे मरण हे एकच स्पष्टीकरण तिथे पुरत नाही.

वर्गात एक गोष्ट जरूर सांगावी असे मला वाटते. 2019 मध्ये प्रिबिस आणि सहकाऱ्यांना असे आढळले की सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कमी मात्रेत उत्परिवर्तनाचा मोठा वाटा पेशींच्या एका छोट्या उपगटातून येतो, ज्यात ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे साठतात आणि सर्वसाधारण ताणप्रतिसाद सुरू होतो. तसे असेल, तर सगळ्या पेशींची सरासरी काढून मिळणारा दर, मरण हिशेबात धरूनही, त्या उपगटात काय घडते हे दाखवणार नाही. त्यासाठी पेशी प्रतिदीप्तीनुसार वेगळ्या करून दोन्ही गटांतले उत्परिवर्ती स्वतंत्रपणे मोजावे लागतात.