सल्ला हवा: सदाशिव पेठेतल्या जुन्या उपाहारगृहाला नवं रूप द्यायचंय

पेठेतली_सून
नमस्कार. सदाशिव पेठेत आमचं उपाहारगृह आहे. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं, आता गल्ल्यावर तिसरी पिढी. डाळिंबी उसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियुष, खरवस. रोजचं गिऱ्हाईक टिकून आहे, पण त्याचं वय वाढतंय आणि कॉलेजची मुलं दारावरून पुढे निघून जातात.

एका एजन्सीने सुचवलं की आजेसासऱ्यांचं नाव काढून छोटंसं इंग्रजी नाव घ्या, पाटी काळी-पांढरी करा, बत्तीस पदार्थांचे दहा करा. यजमानांना पटलंय. सासरे तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. बजेट सहा लाख, त्यातच स्वयंपाकघराची चिमणीही बदलायचीय. काय ठेवावं, काय बदलावं? कोणी हे केलंय का?

अक्षरवेडा
आधी सध्याच्या पाटीचं वर्णन करा.

पेठेतली_सून
पत्र्यावर ऑइलपेंट. लाल अक्षरं, पिवळी कड. 'गृह'मधल्या 'ह'ची शेपटी पेंटरने ओढत मागे नेलीय, ती अख्ख्या नावाखालची रेघ झालीय. रंगाचे पोपडे निघालेत.

अक्षरवेडा
ताई, मग तुमचा लोगो तयार आहे! ती शेपटी तुमची आहे, शहरात दुसऱ्या कोणाकडे नाही. पाटीवर ट्रेसिंग पेपर लावून अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि एखाद्या चांगल्या अक्षर-डिझायनरकडून त्याची संगणकावर स्वच्छ प्रत करून घ्या. मग तीच शेपटी मेनूकार्डावर, पार्सलच्या पिशवीवर, बिलावर येऊ द्या. मेनूच्या मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट वापरा. दोन्ही मोफत आहेत आणि जोडाक्षरं नीट दिसतात. दुकानाची पाटी मराठीत असणं राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे, इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. मग नुसत्या इंग्रजी पाटीचा आग्रह कशाला?

कोथरूडकर_हॉटेलवाला
मी ही चूक केलीय म्हणून लिहितो. दोन महिने बंद ठेवून नाव, फर्निचर, मेनू, सगळं एकदम बदललं. उघडल्यावर जुनी माणसं दारात थांबायची, "मालक बदलले का हो?" विचारायची आणि परत जायची. ती माणसं पुन्हा मिळवायला फार काळ गेला.

नाव कधीच बदलू नये असं नाही. पुण्यातलंच वैशाली हॉटेल पूर्वी मद्रास हेल्थ होम होतं, तर रूपाली हे कॅफे मद्रास होतं. पण तुमचं नाव लोकांच्या तोंडात बसलेलं आहे, ते पुसायला कारण हवं. मला विचाराल तर आधी वेळ बदला. तुम्ही दुपारी बंद ठेवता ना? मुलांना भूक तीन-चारलाच लागते. मिठाईवाल्या चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारची १ ते ४ ची सुट्टी बंद केली, नाव तेच राहिलं.

आणि गूगल मॅप्सवर नवं पान उघडू नका. जुन्याच पानावर फोटो आणि वेळा बदला, नाहीतर इतक्या वर्षांचे अभिप्राय मागे राहतील.

कागदपत्रवाली
पाटीच्या आधी नाव कोणाच्या मालकीचं आहे ते बघा. आजेसासऱ्यांचं नाव म्हणजे भावकीतलं दुसरं कोणीही उद्या त्याच नावाने हॉटेल काढू शकतं. ट्रेडमार्कला अर्ज करा. उपाहारगृहासाठी वर्ग ४३, चिवडा-चकली पाकिटातून विकणार असाल तर वर्ग ३० सुद्धा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये, नसेल तर भागीदारी संस्थेला ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. आधी घरात बसून लेखी ठरवा की अर्ज कोणाच्या नावाने. सहा लाखांत हा खर्च पहिला धरा. नाव बदललंत तर अन्न परवान्यातही बदल करून घ्यावा लागेल, तेही लक्षात असू द्या.

टिळकरोडची_मावशी
मी अशाच ठिकाणी चाळीस वर्षं जातेय. दारातल्या फळ्यावर खडूने 'आज अळूची भाजी' लिहिलेलं दिसलं की पाय आपोआप आत वळतात. तुमच्याकडे फळा असेल तर काढू नका. बत्तीस पदार्थांतले जे दिवसभरात दोनदाच जातात ते खुशाल कमी करा, पण ते एजन्सीला नको, वाढणाऱ्या पोऱ्यांना विचारा. आणि सासऱ्यांशी बोल गं, त्यांना पाटीचंच वाईट वाटलं असेल.

पेठेतली_सून
मावशी, काल बोलले. त्यांनी माळ्यावरून जुनं दरपत्रक काढून दाखवलं, त्यावरही तीच शेपटी! यजमान बघतच राहिले. नाव राहणार. चिमणी, दुपारची वेळ आणि ट्रेडमार्क आधी, फर्निचर दिवाळीनंतर. पाटी त्याच अक्षरांत नव्याने हाताने रंगवून देणारा पेंटर कोणाला माहीत आहे का?

अक्षरवेडा
एक जण आहेत, व्यक्तिगत निरोप करतो. पाटी उतरवायच्या आधी कडेला मोजपट्टी धरून अगदी समोरून फोटो काढा. सकाळी लवकर काढा, ऊन पडलं की ऑइलपेंट चमकतो आणि कड दिसत नाही.