निरुपद्रवी की बिनविषारी?

शब्दवेडा: ओहोटीला मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्या पालकांसाठी एक पानभर माहिती लिहायची आहे. 'बिनविषारी सागरी जीव' लिहू की 'निरुपद्रवी'? अर्थ एकच ना? आणि पाणी ओसरल्यावर खडकांत जे साचून राहतं, त्याला काय म्हणायचं?

खारवारा: एकच नाही. 'बिनविषारी' सापाला चपखल बसतो, किनाऱ्यावर घोटाळा करतो. खेकड्याच्या नांग्यात विष नसतं, पण बोट सापडलं तर रक्त काढतो. समुद्रफुलाचं, म्हणजे खडकाला चिकटलेल्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचं (सी ॲनिमोन) उलट. त्या पाकळ्यांमध्ये दंशपेशी असतात, छोटा मासा त्यांनी लुळा पडतो. बोटाच्या जाड कातडीला मात्र बहुतेक जातींचा नुसता चिकटपणा जाणवतो. तो चिकटपणा म्हणजेच डंख! म्हणजे विषारी, तरी निरुपद्रवी. तेच बोट डोळ्याला लावलं की 'निरुपद्रवी' संपलं. शिवाय काही जाती बोटालाही चांगलंच भाजतात.

किनारी: कसोटी सोपी आहे. 'हात लावला नाही तर निरुपद्रवी' हे वाक्य चालतं, 'हात लावला नाही तर बिनविषारी' चालत नाही. विष अंगात असतं, उपद्रव वागण्यात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख घ्या. आतली गोगलगाय जिवंत असेल तर विषारी दात भाल्यासारखा मारते, काही जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत. म्हणून असा शंख रिकामा वाटला तरी उचलायचा नाही. वाळूत मरून पडलेली जेलीफिशही तशीच, तिच्या दंशपेशी नंतरही काम करतात.

शब्दवेडा: मग 'निरुपद्रवी' नक्की. आणि पाण्याचं?

खारवारा: नुसतं 'डबकं' म्हटलं की डास आठवतात, 'खळग्या'त पाणी असेलच असं नाही. 'भरतीकुंड' असा शब्द घडवता येईल, पण भरतीत ते दिसतच नाही! 'खडकातली डबकी' लिहा, साधं आहे आणि कळतं.

किनारी: खरी गंमत 'उधाण' शब्दाची. लोक उधाण म्हणजे फक्त मोठी भरती समजतात आणि त्या दिवशी जायचं टाळतात. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात खालचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे लहान भरती, तेव्हा ओहोटीही अर्धवट. वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नये. सगळ्यात कमी पाण्याच्या तासभर आधी पोचा, उतरत्या पाण्यामागे खाली जा, पाणी वळलं की परत फिरा. चढ सारखा नसतो: सहा तासांपैकी पहिल्या तासात सुमारे बारावा हिस्सा, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. पहिला तास हळू गेला म्हणून माणसं रेंगाळतात आणि मागची वाट बुडते.

खारवारा: समुद्र खवळलेला असेल तर उधाण असो की भांग, जायचं नाही.

शब्दवेडा: मसुदा असा केलाय: 'हात समुद्राच्या पाण्याने ओला करून पाण्यातच एका बोटाने स्पर्श करा. तारामासा उपटू नका. शंखातला खेकडा ओढून काढू नका. दगड उलटवून पाहा.'

किनारी: 'ओला' आधी 'धुऊन' घाला, हाताचं क्रीम डबक्यात उतरतं. 'उपटू नका' बदला. हळूच सोडवलेला चालतो, असा अर्थ निघतो. तारामासा शेकडो बारीक पायांनी खडकाला चिकटलेला असतो, ओढला की ते तुटतात. 'उचलू नका' लिहा. खेकड्याचं बरोबर आहे, त्याचं मऊ पोट शंखाला घट्ट धरून असतं, ओढलं की फाटतं. म्हणूनच रिकामे शंखही घरी आणू नयेत, ती त्यांची पुढची घरं.

खारवारा: 'दगड उलटवून पाहा' अपुरं आहे. खालच्या बाजूचे जीव उन्हात सुकतात, वरचं शेवाळ अंधारात मरतं. 'दगडाची एक कड हळूच उचला, पाहा, होता तसाच अलगद टेकवा.' 'ठेवा' नको, ठेवा म्हटलं की पोरं टाकतात.