'प्रत्येक हल्लेखोर नैराश्याच्या गोळ्यांवर होता' या दाव्याला उत्तर

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एका सदस्याने लिहिले की, अंदाधुंद गोळीबार करणारा प्रत्येक हल्लेखोर नैराश्याच्या गोळ्यांवर असतो, कंपन्या ते दडपून ठेवतात, आणि म्हणून ज्यांच्या घरी या गोळ्या असतील त्यांनी त्या आजच फेकून द्याव्यात. पहिल्या दोन विधानांकडे मी दुर्लक्ष केले असते. तिसऱ्यामुळे मला झोप लागली नाही. दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या भावाने असाच मजकूर वाचून पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचे औषध एका रात्रीत बंद केले. तिसऱ्या दिवसापासून नुसती मान वळवली तरी त्याला डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटू लागले, आणि पाचव्या दिवशी, आयुष्यात कधी आवाजही न चढवलेल्या या मुलाने आईवर हात उगारला. औषध पुन्हा सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत तो शांत झाला. त्या प्रसंगाची लाज मात्र त्याच्या मनातून अजून गेलेली नाही.

आता दाव्याकडे येते. अमेरिकेतील कोलंबाइन शाळेच्या १९९९ च्या हत्याकांडात दोन हल्लेखोर होते. त्यांतील एकाला फ्लुवॉक्सामिन, म्हणजे याच वर्गातील औषध, दिले जात होते, दुसऱ्याच्या शवविच्छेदनात असे कोणतेही औषध आढळले नाही. 'प्रत्येक' हा शब्द तेथेच गळून पडतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील छापखान्यात १९८९ साली आठ जणांना ठार मारणारा माणूस महिनाभरापासून फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी घेत होता हे खरे आहे, परंतु त्याआधीची अनेक वर्षे तो गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि त्याने आत्महत्येचे प्रयत्नही केले होते. ज्याला औषधाची सर्वाधिक गरज असते त्याच्याच हाती औषध असते, एवढ्यावरून औषधाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

कोरा कागद

रानजाई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटले. परंतु तुम्ही लुइव्हिलचे प्रकरण अर्धेच सांगितले आहे. फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या कंपनीवरील खटल्यात १९९४ साली ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीने तो निर्दोषत्वाचा दाखला म्हणून मिरवला. खटला चालू असतानाच कंपनीने फिर्यादींशी गुप्त करार केला होता, हे नंतर उघडकीस आले. न्यायाधीशांना संशय आला, प्रकरण केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी कागदोपत्री नोंद बदलून ती 'तडजोड' अशी करावी लागली. अमेरिकेच्याच वायोमिंग राज्यातील १९९८ चे प्रकरण तर तुम्ही घेतलेच नाही. तेथे पॅरॉक्सेटिन सुरू केल्यावर दोनच दिवसांत एका माणसाने पत्नी, मुलगी आणि तान्ह्या नातीला मारून स्वतःचा जीव घेतला, आणि २००१ साली ज्यूरीने मुख्य जबाबदारी औषध कंपनीवर टाकून सुमारे ६४ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

हे मी कुतूहलापोटी वाचलेले नाही. माझी मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिला सर्ट्रालिन हे नैराश्याचे औषध दिले गेले. दुसऱ्या आठवड्यात तिला एका जागी बसवेना. ती रात्रभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत असे, आणि आपल्या अंगाची कातडी आतून कोणीतरी ओढते आहे असे सांगत असे. डॉक्टरांनी आजार वाढला असे समजून डोस दुप्पट केला. त्या रात्री तिने स्वतः येऊन मला स्वयंपाकघरातील सुऱ्या कुलपात ठेवायला सांगितले, कारण तिला स्वतःची नव्हे, तर आमची भीती वाटत होती. ज्याने ते डोळे पाहिले आहेत त्याला पुरावा मागू नका.

तळटीप

मी अनेक वर्षे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या मुलीला जे झाले त्याला, म्हणजे औषधामुळे येणाऱ्या असह्य आंतरिक अस्वस्थतेला, अकाथिजिया म्हणतात, ते आम्हाला शिकवले जाते, आणि ते न ओळखता डोस वाढवणे ही चूक होती, यात शंका नाही. परंतु एका चुकीवरून संपूर्ण औषधवर्गाला हिंसेचे कारण ठरवणे मला मान्य नाही.

या वादात २०१० चा एक अभ्यास वारंवार पुढे केला जातो. त्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आलेल्या तक्रारींतून ४८४ औषधांपैकी ३१ औषधांचा हिंसेशी संबंध असल्याचे दिसले होते, आणि त्यांत ११ नैराश्यरोधके होती. त्या यादीत अग्रभागी व्हॅरेनिक्लिन, म्हणजे धूम्रपान सोडवण्याचे औषध होते. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवर त्याची रीतसर चाचणी झाली, मानसिक दुष्परिणामांत लक्षणीय वाढ आढळली नाही, आणि २०१६ च्या अखेरीस त्या औषधावरील काळ्या चौकटीतील इशारा, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकावरील सर्वांत गंभीर इशारा, काढून टाकण्यात आला. तक्रारी येतात त्या बातम्या वाचून, वकिलांच्या सल्ल्याने आणि भीतीपोटीही. त्यांच्या संख्येवरून कार्यकारणभाव ठरत नाही. शिवाय आवेगी आक्रमकता असलेल्या रुग्णांमध्ये फ्लुओक्सेटिनने ती कमी झाल्याचे १९९७ च्या प्लासिबो-नियंत्रित (म्हणजे काही रुग्णांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देऊन तुलना केलेल्या) चाचणीत दिसले होते, हेही कोणी सांगत नाही.

कोरा कागद

आणि नैराश्यरोधकांच्या चाचण्यांच्या २०१६ च्या पुनरावलोकनाबद्दल आपण का बोलत नाही? त्यात ७० चाचण्यांचे मूळ अहवाल, १८,५२६ रुग्ण होते, आणि मुले व किशोरवयीन रुग्णांमध्ये आक्रमकतेचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. त्या चाचण्या म्हणजे तक्रारपेटीत पडलेल्या चिठ्ठ्या नव्हेत.

तळटीप

ते मान्य आहे. त्याच पुनरावलोकनात प्रौढांमध्ये तशी वाढ दिसली नाही, एवढेच त्यापुढे लिहितो.

उलटतपासणी

या सगळ्या चर्चेत ज्यांचा जीव गेला त्यांचा उल्लेख कोठे आहे? माझ्या मावसभावाला शेजाऱ्याने लोखंडी कांबीने मारले. तो वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. खटल्यात आरोपीच्या वकिलांनी गोळ्यांची रिकामी पाकिटे न्यायालयासमोर ठेवली, आणि दोन दिवस केवळ रसायनशास्त्र चालले. माझा मावसभाऊ त्याच दालनात बसून होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायनात २००१ साली बारा वर्षांच्या मुलाने आजी-आजोबांना झोपेत गोळ्या घालून मारले. त्याच्या वकिलांनी सर्ट्रालिनला दोष दिला, ज्यूरीने तो बचाव नाकारला, आणि २००५ साली त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. उलट ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी, २००१ साली, पत्नीला मारणाऱ्या वृद्धाबाबत न्यायाधीशांनी औषध घेतले नसते तर हे घडले नसते असे मत नोंदवले. एकच औषध, आणि दोन न्यायालयांची दोन उत्तरे. हे दार उघडले तर प्रत्येक आरोपी त्यातून आत येईल.

कोरा कागद

आपल्या मावसभावाचे दुःख मी कमी लेखत नाही. परंतु जे खरोखर औषधाने घडले असेल ते आरोपीला सूट मिळेल या भीतीने नाकारायचे, हा न्याय नाही. बारा वर्षांच्या मुलाला तीस वर्षांची शिक्षा झाली हे आपण समाधानाने लिहिले आहे, ते मला वाचवले नाही.

उलटतपासणी

समाधानाने लिहिलेले नाही. माझ्या शब्दांत आपण हवा तो अर्थ घालू नये.

मध्यरात्र

मी स्वतः सहा वर्षे या गोळ्या घेतल्या आहेत, म्हणून सर्वांची क्षमा मागून एक प्रश्न विचारते. रानजाईंच्या भावाने हात उगारला तो औषध घेत असताना नव्हे, ते अचानक थांबवल्यावर. मग औषधाचा दोष नाही असे त्या कशाच्या आधारे म्हणतात? जे सोडताना माणूस इतका बदलतो, त्याबद्दल सुरुवातीलाच सांगायला नको का?

मला पहिल्या दिवशी सांगण्यात आले होते की, या गोळ्यांची सवय लागत नाही. सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी दोन आठवडे अर्धी गोळी आणि मग बंद, असे सांगितले. त्यानंतरचे तीन महिने मी कोणाशीही नीट बोलू शकले नाही. क्षुल्लक कारणावरून मी ताटे भिंतीवर फेकली. डॉक्टर म्हणाले, मूळ आजार परत आला. मूळ आजारात मी कधी ताट फेकले नव्हते, त्या काळात मला अंथरुणातून उठण्याचेही बळ नव्हते.

तळटीप

हा धागा हिंसेविषयी आहे, गोळ्या सोडण्याविषयी नाही. तरीही सांगतो, व्यसन आणि औषध थांबवल्यावर होणारा त्रास यांत फरक आहे. व्यसनात ओढ असते, डोस आपोआप वाढत जातो. येथे तसे होत नाही.

मध्यरात्र

मला शब्दांचा फरक नको आहे. मला तीन महिने कोणी परत देणार आहे का? तुम्हा लोकांच्या या व्याख्यांमुळेच आम्हाला खोटे ठरवले जाते.

रानजाई

मध्यरात्र, माझ्या भावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला जे समजावले ते येथे लिहिते. पॅरॉक्सेटिन शरीरातून फार लवकर बाहेर पडते, साधारण एका दिवसात निम्मे होते. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारा घटक कित्येक दिवस, आठवडे रेंगाळतो, म्हणून ते सोडताना सहसा एवढा हादरा बसत नाही. आणि डोस कमी करणे सरळ रेषेत चालत नाही. वीस मिलिग्रॅमवरून दहावर येणे सोपे जाते, पण पाचावरून शून्यावर येणे हीच मोठी उडी असते, कारण मेंदूवरील औषधाचा परिणाम शेवटच्या काही मिलिग्रॅमांत फार वेगाने उतरतो. २०१९ साली लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात नेमके हेच मांडले गेले, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने हा त्रास काहींच्या बाबतीत तीव्र आणि दीर्घ असू शकतो हे मान्य केले. माझ्या भावाने शेवटचे पाच मिलिग्रॅम सात महिन्यांत, द्रवरूप औषध मोजून घेत, कमी केले.

मध्यरात्र

सात महिने. आणि मला दोन आठवडे दिले होते. हे वाचून मला रडू आले, कारण इतकी वर्षे मी समजत होते की मीच दुबळी आहे.

तळटीप

मध्यरात्र, 'सवय लागत नाही' हे वाक्य मीही शेकडो रुग्णांना सांगितले आहे. त्या काळी आम्हाला तसेच शिकवले होते, पण ते पुरेसे खरे नव्हते. तुमच्या तीन महिन्यांना मी दिलेले उत्तर योग्य नव्हते.

मूळ मुद्द्याबाबत मात्र एक आकडेवारी राहून गेली. स्वीडनमध्ये २००६ ते २००९ या काळात एसएसआरआय (फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन ज्यात येतात तो नैराश्यरोधकांचा वर्ग) घेतलेल्या ८,५६,४९३ लोकांचा अभ्यास झाला. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच, म्हणजे गोळ्या घेत असतानाची आणि नसतानाची, अशी केली होती, त्यामुळे 'मुळात आजारी माणसेच गोळ्या घेतात' हा रानजाईंचा आक्षेप येथे बराचसा निष्प्रभ होतो. गोळ्यांच्या काळात हिंसक गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी अधिक आढळले. १५ ते २४ या वयोगटात ते ४३ टक्के होते, त्यावरील वयात स्पष्ट संबंध दिसला नाही. हे प्रमाण मुळातील लहान आकड्यावरचे आहे, आणि यातूनही कारण निर्विवाद सिद्ध होत नाही. पण काहीच नाही असे मला म्हणता येणार नाही.

रानजाई

हा अभ्यास मला माहीत नव्हता. 'औषधाला गुन्हेगार ठरवता येत नाही' हे माझे वाक्य पंचविशीखालील रुग्णांबाबत मी मागे घेते. गोळ्या आजच फेकून द्या, या सल्ल्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

उलटतपासणी

स्वीडनचा आकडा लोकसंख्येविषयी बोलतो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या एका माणसाविषयी नाही. त्याच्याबाबत मी माझे मत बदललेले नाही.

कोरा कागद

'प्रत्येक हल्लेखोर' हा दावा मी केला नव्हता, आणि तो खोटा आहे हे आता मला मान्य करावे लागते. अमेरिकेत २००४ साली मुलांसाठी काळ्या चौकटीतील इशारा आला, कारण चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत २ टक्के दिसले होते. पुढे २००७ साली तो इशारा २४ वर्षांपर्यंत वाढवला गेला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती. पहिल्या दोन आठवड्यांत तिच्याकडे लक्ष ठेवा, ती येरझाऱ्या घालू लागली तर रात्र असली तरी फोन करा, एवढे एक वाक्य कोणी आम्हाला सांगितले असते तर मी हे लिहीत बसलो नसतो.

आणखी एक गोष्ट मी वर सांगितली नाही, कारण ती माझ्या बाजूची नव्हती. सर्ट्रालिन बंद केल्यावर ती चार दिवसांत शांत झाली, पण नैराश्य तसेच राहिले. आता तीन वर्षे ती दुसऱ्या एका नैराश्यरोधकावर आहे, ते अगदी लहान डोसपासून सुरू केले होते, आणि पहिले तीन आठवडे मी तिच्या खोलीबाहेर झोपत होतो. सुऱ्यांचे कुलूप मी गेल्या वर्षी काढले.