मे महिन्यात श्रीलंका: दक्षिण किनारा की पूर्व किनारा?

वाटसरू:
मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही चौघे (आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा) दहा दिवसांसाठी श्रीलंकेला जाण्याच्या विचारात आहोत. मोठे रिसॉर्ट नको. मोजक्या खोल्यांचे घरगुती हॉटेल असावे, समोर समुद्र असावा आणि मुलांना सर्फिंगचे पहिले धडे गिरवता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. जिकडेतिकडे दक्षिण किनाऱ्यावरची वेलिगामा आणि मिरिसा हीच नावे वाचायला मिळतात. छायाचित्रांतला तिथला समुद्र पाहून मी खोल्या राखून ठेवण्याच्या बेतात होतो, पण मे महिन्यात त्याच खोल्यांचे दर अचानक उतरलेले दिसले आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. यामागे काय कारण असावे? आम्हा सर्वांना पोहता येते, मात्र तलावातच.

मतलई:
पाल योग्य वेळी चुकचुकली. वेलिगामा, मिरिसा, हिक्काडुवा हा सारा पट्टा नोव्हेंबर ते एप्रिल या काळातला आहे. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि ते थेट याच किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यामुळे समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते आणि छायाचित्रांत एकामागोमाग शिस्तीत येणाऱ्या लाटा वेड्यावाकड्या फुटू लागतात. मिरिसाहून देवमासे पाहायला जाणाऱ्या नौकांचा हंगामही तोवर सरलेला असतो.

याच दिवसांत पूर्व किनारा मात्र कोरडा असतो, कारण मोसमी पावसाचा भर बेटाच्या मध्यावरील डोंगररांगांच्या अलीकडेच ओसरतो. तिकडे पोत्तुविल गावाजवळच्या आरुगम बे येथे हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लाटा मोठ्या आणि गर्दीही मोठी. मे महिन्यात दोन्ही बेताच्या, म्हणजे नवशिक्यांच्या पथ्यावर पडणाऱ्या. तिथल्या प्रसिद्ध ‘मेन पॉइंट’कडे मुलांना घेऊन जाऊ नका. तिथली लांबलचक उजवी लाट (किनाऱ्याकडे तोंड करून फळीवर असलेल्याच्या उजवीकडे फुटत जाणारी) पाहण्यासारखी असते खरी, पण पाण्याखाली धारदार खडक आहे. उत्तरेकडचा व्हिस्की पॉइंट किंवा दक्षिणेकडचा पीनट फार्म मुलांसाठी अधिक बरा.

दर्यावेडी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु प्रवासाचा विचार आधी करा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे. तिथून द्रुतगती मार्गाने वेलिगामा सुमारे तीन तासांत गाठता येते, तर आरुगम बे येथे पोहोचायला सात-आठ तास लागतात. नऊ वर्षांच्या मुलाला एका दमात इतका वेळ गाडीत बसवण्यापेक्षा वाटेत एल्ला येथे दोन रात्री राहा. चहाच्या मळ्यांतली थंड हवा मिळेल आणि तिथून उरलेला रस्ता तीनेक तासांचा आहे. अंधार पडण्यापूर्वी पोहोचा, कारण शेवटच्या टप्प्यात हत्ती रस्त्यावर येतात.

धड्यांची वेळ सकाळचीच घ्या. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या मतलई वाऱ्यांनी लाटेचा चेहरा, म्हणजे फुटण्यापूर्वीची पुढची बाजू, स्वच्छ राहतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी नुसते घुसळले जाते. मी स्वतः वेलिगामात शिकले, तेव्हा पहिला तास वाळूवरच गेला: फळीवर पालथे पडायचे, दोन्ही हात छातीशी रोवायचे आणि एका झटक्यात पाय पोटाखाली ओढून उभे राहायचे. पाण्यात गेल्यावर माझी नजर सारखी पायांकडे जाई आणि दर वेळी मी तोंडावर आपटे. तिसऱ्या दिवशी आत्मविश्वास जरा जास्तच वाढला आणि पडल्यावर लगेच डोके वर काढले. मागून आलेल्या माझ्याच फळीने हनुवटी फोडली. पडल्यावर दोन्ही हातांनी डोके झाकूनच वर यायचे असते, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. पोट आणि गुडघे फळीला घासून सोलवटतात, म्हणून अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा सदरा सोबत असू द्या.

मतलई:
तलावात पोहणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गडद आणि गुळगुळीत दिसतो, आणि अनोळखी माणूस हमखास तिथेच उतरतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच वाटेने परत आत जात असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. आरुगम बे परिसरातल्या खाड्यांमध्ये तर उतरूच नका, कारण तिथे मगरी आहेत.

हॉटेलबाबत सांगायचे तर ‘समुद्राकाठी’ या शब्दावर विसंबू नका. दक्षिण किनाऱ्यावर मी अशीच एक खोली घेतली होती. समुद्र समोर होता यात खोटे काही नव्हते, फक्त मध्ये हमरस्ता होता आणि पहाटेपासून बसगाड्यांचे भोंगे वाजत होते. नकाशावर हॉटेल, रस्ता आणि वाळू यांचा क्रम पाहून घ्या. पोत्तुविल हे प्रामुख्याने मुस्लिम वस्तीचे गाव आहे, त्यामुळे किनारा सोडून बाजारात जाताना अंगभर कपडे असावेत. आणखी एक: मे महिन्याच्या पौर्णिमेला श्रीलंकेत वेसाक हा बौद्धांचा मोठा सण असतो, तुमच्या तारखांत तो येत असेल, तर प्रवासाची गाडी आधीच ठरवून ठेवा.

वाटसरू:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मिरिसाचा बेत रद्द केला आहे. एल्ला दोन रात्री आणि आरुगम बे सहा रात्री असे ठरत आहे. नकाशावर पाहिले, तर मी निवडलेल्या तीन हॉटेलांपैकी दोन रस्त्याच्या पलीकडे निघाली. तिसऱ्याला आज पत्र पाठवतो आहे.