रविवारची राईड आणि ऊसतोड मजूर: मदत नि हक्काचं काम एकत्र कसं जमवायचं?

निपाणी_पॅडल: कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात आमचा सायकल ग्रुप आहे. यंदा गळीत हंगामात ऊसतोड मजुरांसाठी काहीतरी करायचं चाललंय. काहीजण वर्गणी काढून ब्लँकेटं वाटू म्हणतात, काहींना मुलांच्या शाळेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. उरलेल्यांचं म्हणणं, राईडमध्ये हे आणूच नका. मेळ कसा घालावा?

घटप्रभाकाठ: राईडला वर्गणीची अट घालू नका. ज्याला नुसती सायकल चालवायचीय, त्याला चालवू द्या. पैसे कुणाच्या फोनपेवर नकोत, थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर जावेत, पावती देणाऱ्याच्या नावाची. करसवलत हवी असेल तर २,००० वरची देणगी रोखीत देऊ नका.

सायकलवाल्यांना चांगलं जमेल असं काम म्हणजे बैलगाड्यांना रिफ्लेक्टर पट्टी. ५० मिमी रुंदीची घ्या: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. मागे दोन फूट धरली तर ४५ मीटरच्या लाल रोलमध्ये सत्तर गाड्या होतात. पण लाकडावर थेट चिकटवू नका, धूळ नि दवामुळे चार दिवसांत सुटते. शिवाय भरलेल्या गाडीचा ऊस मागे लोंबतो आणि पट्टी झाकून टाकतो. सगळ्यात जास्त फसतं ते इथंच. म्हणून पट्टी पत्र्याच्या तुकड्यावर लावा, कडा दुमडा, दोन भोकं पाडा आणि तारेनं मोळ्यांच्या मागच्या टोकाला अडकवा. गाडी रिकामी झाली की पत्रा काढून पुढच्या खेपेला परत लावता येतो. कारखान्याच्या गाडीतळावर नंबरसाठी गाड्या तासन्‌तास उभ्या असतात, तिथंच दुपारी काम उरकतं. आधी कारखान्याच्या शेती ऑफिसची परवानगी घ्या.

सीमाभाग_शिक्षक: पट्टीचं पटलं. शाळेचं काम मात्र राईडच्या दिवशी होत नाही, त्याला दोघं-तिघं हंगामभर लागतात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४(२): वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५: टीसी यायला उशीर झाला तरी मुलाला थांबवता येत नाही. कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात बसवायचं. मुलं बीडकडची असतील तर जवळची सरकारी मराठी शाळा बघा, मुख्याध्यापक आणि एसडीएमसीला (शाळेच्या पालक समितीला) भेटा. अडलं तर बीईओंकडे (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज, पोच घेऊन. खरी अडचण मजुरांच्या तळापासून शाळेपर्यंतच्या अंतराची असते. वर्गणी खर्चायचीच तर रिक्षाभाड्यावर खर्चा, ब्लँकेटांपेक्षा ते बरं.

मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

निपाणी_पॅडल: उचलीपायी (आगाऊ घेतलेल्या पैशांपायी) कुणाला अडकवून ठेवल्याचं कळलं तर मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी बोलावं का?

घटप्रभाकाठ: अजिबात नको. तुम्ही सायकलवर निघून जाल, ते कुटुंब तिथंच राहणार. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे; त्या माणसांची तयारी असेल तर तहसीलदार किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात तक्रार द्या. मोफत वकिलासाठी १५१००, मुलांसाठी १०९८ ला फोन करा.

सीमाभाग_शिक्षक: आणि तक्रारीत ग्रुपचं नाव, जर्सी, बॅनर काही नको.