डोनाल्ड कोलमन फक्त डगआउटपुरताच?

मैदानवेडा:
फुटबॉलमध्ये प्रशिक्षक बसतात तो डगआउट पहिल्यांदा करून घेतला डोनाल्ड कोलमनने, स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबच्या पिटोड्री मैदानावर, १९३०च्या दशकात. त्याचं नाव निघतं ते एवढ्यासाठीच, आणि हे मला खटकतं. मूळचा हा कनिंगहॅम. खेळतो हे वडिलांना कळू नये म्हणून आजीचं आडनाव लावलं. १९०७ला मदरवेल क्लबने सोडलं तेव्हा तिशीला टेकला होता. ॲबर्डीनने घेतलं आणि हा बुटका राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, १९२०पर्यंत तिथे टिकला. आधी तो बचावपटू म्हणून मोठा!

उत्तरकाठ:
नाही पटलं. स्कॉटलंडकडून एकूण सामने ४. शिवाय पास मिळताना फॉरवर्ड (आक्रमक) फार पुढे असला तर ऑफसाइड ठरतो. तेव्हा ते टाळायला त्याच्या आणि गोलच्या मध्ये ३ प्रतिस्पर्धी लागत. एक बॅक वर सरकला की फॉरवर्ड अडकला. १९२५ला नियम बदलून २ केले आणि गोल धडाधड वाढले. बॅकचं काम आधी किती सोपं होतं ते यातून दिसतं. डगआउट मात्र इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबवाल्यांनी पिटोड्रीला पाहिला, आपल्या गुडिसन पार्क मैदानावर केला, तिथून पसरला.

मैदानवेडा:
४ सामने कमी वाटतात, पण स्कॉटलंड तेव्हा वर्षाला तीनच खेळायचा: वेल्स, आयर्लंड, इंग्लंड. १९११मध्ये तिन्हींत कोलमन होता, वयाची ३२ उलटल्यावर! इंग्लंडला १-१ रोखलं ते गुडिसन पार्कवरच. त्याच मोसमात ॲबर्डीन लीगमध्ये रेंजर्सच्या मागे दुसरा आला. आणि ऑफसाइडला पकडणं सोपं कसं? कधी सरकायचं हे एकाने ठरवायचं आणि दुसऱ्या बॅकने, तिथे जॉक ह्यूमने, ओळखायचं. क्षणभर चुकलं तर मागे फक्त गोलकीपर.

जुनाबॅक:
तुम्ही दोघं एकाच माणसाचे दोन तुकडे करताय. डगआउट जमिनीखाली का? खेळाडूंची पावलं त्याला डोळ्यांच्या पातळीवर बघायची होती, आणि वर छप्पर म्हणजे टिपणवही भिजत नाही. मीही उंचीने कमी, कॉलेजात राइट बॅक होतो. हेडरला आपण हरणार हे माहीत असतं, मग नजर विंगरच्या, म्हणजे कडेने चाल करणाऱ्या खेळाडूच्या, पायांवरच खिळते. माझ्या मते तो खड्डा त्या सवयीतूनच आला.

उत्तरकाठ:
पावलांचं मान्य, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी थोर बचावपटू म्हणायला माझं मन धजत नाही. त्याच काळातला लिव्हरपूलचा अ‍ॅलेक्स रेझबेक घ्या: स्कॉटिशच, कर्णधार म्हणून १९०१ आणि १९०६ अशा दोन लीग जिंकला. कोलमनकडे तसं एकही विजेतेपद नाही.

मैदानवेडा:
विजेतेपद संघाचं असतं. तिशीत टाकून दिलेला माणूस ४१व्या वर्षापर्यंत वरच्या लीगमध्ये विंगर अडवतो, ते त्याचं एकट्याचं.